ट्रॅफिक वाढलं की मशीन कोसळतं, लॉगमध्ये मात्र शुकशुकाट

बूटलूप

मंडळी, आठवडाभर डोकं फोडून झालंय म्हणून इथे लिहितोय. एक लिनक्स मशीन आहे, त्यात दहा गिगाबिटचं नेटवर्क कार्ड, कार्डवर ब्रिज (सॉफ्टवेअरमधला स्विच) आणि ब्रिजवर चार व्हर्च्युअल मशीन. दिवसभर गुण्यागोविंदाने चालतं, काहीही तक्रार नाही. रात्री बाकीच्या मशीनचे बॅकअप याच्यावर यायला लागले की कधी वीस मिनिटांनी तर कधी दोन तासांनी अख्खं मशीन गारठतं, कीबोर्डवरचे दिवे लुकलुकतात आणि पॉवर बटण दाबून धरल्याशिवाय सुटका नाही. रीस्टार्टनंतर जर्नल बघितलं तर शेवटची ओळ म्हणजे कुठल्यातरी टायमरची, आणि त्यानंतर थेट नव्या बूटची पहिली ओळ. मधे काहीच नाही!

एकदा स्क्रीनचा फोटो मिळाला पण वरचं सगळं सरकून गेलेलं, तळाला फक्त "कर्नल पॅनिक - नॉट सिंकिंग: फेटल एक्सेप्शन इन इंटरप्ट" एवढंच.

केबल बदलली, स्विचचा पोर्ट बदलला, कर्नल अपडेट केला. ईथटूलने जीआरओ, टीएसओ वगैरे ऑफलोड (पॅकेटं जोडायची-तोडायची कामं एकगठ्ठा उरकायच्या सोयी) सगळे ऑफ करून पाहिले, त्या रात्री तीन तास टिकलं म्हणून खूश झालो तर पहाटे परत आडवं. आता काय करू?

खटपट्या

रॅम. डोळे झाकून रॅम. लोड आल्यावर पडतं म्हणजे रॅम नाहीतर पॉवर सप्लाय, माझं एक मशीन असंच करायचं, एक स्टिक काढून टाकली, विषय संपला.

जुनं_खोड

रॅम असू शकते, पण आत्ता आपल्या हातात काहीच नाही, सगळी अंदाजपंचे दाहोदरसे. आधी पुरावा पकडा मग संशयित.

लॉग रिकामा आहे यात नवल काही नाही. "नॉट सिंकिंग" म्हणजे कर्नल सांगतोय की मी चाललो आणि जाता जाता डिस्कवर काही लिहिणार नाही, कारण स्वतःची मेमरी शाबूत आहे की नाही यावरच त्याचा भरवसा उरलेला नसतो, अशा अवस्थेत फाइलसिस्टमला हात लावला तर डेटाही जायचा. त्यामुळे जर्नल कितीही उपसा, तिथे काही मिळणार नाही.

त्या ओळीतलं "इन इंटरप्ट" मात्र महत्त्वाचं आहे. एखादी प्रोसेस कर्नलमध्ये शिरून काही करत असताना चूक झाली तर साधारणपणे ऊप्स (काय बिघडलं त्याचा तपशील) छापला जातो, ती प्रोसेस मारली जाते आणि मशीन लंगडत का होईना चालू राहतं. पॅकेट आत घेण्याचं काम कुणा प्रोसेसच्या नावावर नसतं. कार्ड इंटरप्ट देतं, पुढचं काम सॉफ्टइंटरप्टमध्ये (इंटरप्टनंतर लगेच उरकायच्या कामांत) होतं, तिथे नॅपी (कर्नलची पॅकेटं गठ्ठ्याने उपसायची यंत्रणा) ड्रायव्हरचं पोल फंक्शन बोलावतो आणि ते एका दमात साधारण ६४ पॅकेटं उपसतं. तिथे चूक झाली तर मारायचं कुणाला? जो बिचारा त्या सीपीयूवर योगायोगाने चालत होता त्याला? म्हणून थेट पॅनिक. नेटवर्कच्या भानगडीत मशीन अख्खं जातं ते याच्यामुळे.

ट्रेस (कोसळताना कर्नल कुठल्या कुठल्या फंक्शनमध्ये होता त्याची यादी) पकडायचे मार्ग:

नेटकन्सोल सगळ्यात सोपा, कर्नलचे मेसेज यूडीपीने दुसऱ्या मशीनवर फेकतो, तिकडे ६६६६ पोर्टवर नेटकॅट लावून फाइलमध्ये घ्या. पण ज्या कार्डवर संशय आहे त्याच्यावरून पाठवू नका, घर जळतंय आणि त्याच घरातल्या फोनवरून बंब बोलवायचाय अशातली गत होते. ऑनबोर्ड पोर्ट असेल तर तो वापरा. आणि डीमेसेज -एन ८ करून कन्सोलची लेव्हल वाढवा, नाहीतर अर्ध्या ओळी येतच नाहीत.

केडम्प त्याहून भारी. बूट पॅरामीटरमध्ये क्रॅशकर्नल=२५६एम असं देऊन थोडी मेमरी राखून ठेवायची, पॅनिक झाला की त्या राखीव जागेतला दुसरा कर्नल उठतो आणि मेलेल्याची सगळी मेमरी फाइलमध्ये उतरवून घेतो. सर्व्हिस "ॲक्टिव्ह" दिसते म्हणून निर्धास्त राहू नका, सिस फाइलसिस्टममध्ये कर्नलखाली केक्सेक_क्रॅश_लोडेड नावाची फाइल आहे तिच्यात १ आहे का बघा. नंतर सिसआरक्यू ट्रिगरमध्ये सी लिहून एकदा मुद्दाम पाडून पहा. आधी व्हर्च्युअल मशीन नीट बंद करा हे सांगायला नको, तरी सांगतो, कारण मी एकदा नव्हती केली.

सिरियल पोर्ट असेल तर उत्तमच, पण आजकाल असतो कुठे.

बूटलूप

खोडदादा, मनापासून आभार. नेटकन्सोल लावला तर "इज अ स्लेव्ह डिव्हाइस, अबॉर्टिंग" म्हणून हाकलून दिलं, मी शहाण्यासारखा ब्रिजमधल्याच कार्डवर लावत होतो. आता ऑनबोर्डवरून चालू आहे. केडम्पचं म्हणाल तर तुम्ही सांगितलेल्या फाइलमध्ये ० होता! पॅरामीटर टाकून रीबूटच केलं नव्हतं. आता १ आहे.

तीन रात्रींत तीन ट्रेस मिळाले आणि अजूनच गोंधळलो:

पहिल्या रात्री आरआयपी (सीपीयू कोडमध्ये कुठे होता तो पत्ता) केमेम_कॅश_अलॉक या मेमरी वाटणाऱ्या फंक्शनमध्ये. दुसऱ्या रात्री टीसीपीच्या रिसीव्ह फंक्शनमध्ये. तिसऱ्या रात्री ड्रायव्हरच्या स्वतःच्या क्लीन_आरएक्स नावाच्या फंक्शनमध्ये. पत्ते प्रत्येक वेळी वेगळे आणि काहीच्या काही. तिन्हींत सामायिक एवढंच की खाली नेट_आरएक्स_ॲक्शन आणि सॉफ्टइंटरप्ट दिसतो, आणि वर "टेन्टेड: जी ओई" लिहिलंय.

खटपट्या

वेगवेगळ्या ठिकाणी पडतंय ना? मग म्हणालो काय मी. सॉफ्टवेअरचा बग एकाच जागी पडतो, रॅम खराब असली की कुठेही. मेमटेस्ट लाव रे.

बूटलूप

लावला, रात्रभर. चार पास, शून्य एरर. ईसीसी (स्वतःच्या चुका पकडणारी) रॅम आहे, ईडॅकचे (कर्नल त्या चुका मोजतो ते) काउंटरही शून्य.

जुनं_खोड

खटपट्यांचा नियम चुकीचा नाही, मीही तिथूनच सुरुवात करतो, फक्त त्याला एक मोठा अपवाद आहे आणि नेटवर्कमध्ये तो वारंवार भेटतो.

समजा ड्रायव्हरने एक बफर मोकळा करून परत दिला, पण त्याचा पॉइंटर स्वतःकडे तसाच ठेवला. ती जागा कर्नल लगेच दुसऱ्या कुणाला देतो, आणि हा पठ्ठ्या जुनाच पत्ता धरून तिथे लिहीत बसतो. भाडेकरूने घर सोडलं पण किल्ली परत केली नाही, तसं. मग मरतो कोण? तर नवा भाडेकरू. कधी टीसीपी, कधी अलॉकेटर, कधी ज्याचा नेटवर्कशी काडीचा संबंध नाही असा कुणीतरी. ट्रॅफिक जास्त तेवढी बफरांची देवघेव जास्त, म्हणून लोडवरच दिसतं. जिथे प्रेत सापडलं तिथेच खून झाला असं धरून चालू नका.

त्या "ओई"मधला ओ म्हणजे कर्नलच्या बाहेरचं मॉड्यूल लोड आहे, ई म्हणजे ते सही नसलेलं आहे. हे कुठलं मॉड्यूल? पहिल्या पोस्टमध्ये याचा उल्लेख नाही.

आता हे करा: बूट पॅरामीटरमध्ये स्लब_डीबग=एफझेडपी टाका, स्लब म्हणजे कर्नलचा मेमरी वाटणारा अलॉकेटर. पी म्हणजे पॉयझन. मोकळ्या केलेल्या प्रत्येक ऑब्जेक्टमध्ये कर्नल ६बी हा बाइट भरून ठेवतो. कुणी मेलेला पॉइंटर वापरला की रजिस्टरमध्ये कचऱ्याऐवजी ६बी६बी६बी६बी दिसतं आणि चोर जागच्या जागी पकडला जातो. मशीन हळू होईल, बॅकअप रेंगाळेल, एक-दोन रात्री चालवून घ्या.

नवशिक्या_नोड

मधेच विचारतो, माफी असावी. बाहेरून कुणी मुद्दाम पॅकेट पाठवून पाडत नसेल ना? असं होऊ शकतं का मुळात?

जुनं_खोड

होऊ शकतं, झालंय. १९९६-९७ च्या सुमाराला पिंग ऑफ डेथ गाजला, आयपी पॅकेटची कमाल लांबी ६५,५३५ बाइट, तुकडे असे पाठवायचे की जोडल्यावर त्याहून मोठं पॅकेट तयार होईल, आणि त्या काळच्या बऱ्याच सिस्टिम त्यावर कोसळायच्या.

त्यानंतरचा म्हणजे जून २०१९ मधला सॅक पॅनिक (सॅक म्हणजे टीसीपीची निवडक पोचपावती), सीव्हीई-२०१९-११४७७. तो वाचण्यासारखा आहे. एका एसकेबीमध्ये (कर्नल पॅकेट ज्यात ठेवतो त्या पाकिटात) १७ फ्रॅगमेंट मावतात, प्रत्येक फ्रॅगमेंट जास्तीत जास्त ३२ केबी. समोरच्याने एमएसएस (टीसीपीच्या एका तुकड्याचा, म्हणजे सेगमेंटचा, कमाल आकार) ४८ एवढा बारीक सांगितला तर टीसीपीचे ४० बाइट ऑप्शन वजा जाऊन डेटाला प्रत्येक सेगमेंटमध्ये ८ बाइट उरतात. भागाकार करा, ६९,६३२ सेगमेंट होतात. सेगमेंट मोजायचा आकडा मात्र १६ बिटांचा, त्यात ६५,५३५ च्या पुढे जागा नाही. आकडा उलटला, पुढे एका बग_ऑनला (असं कधीच होऊ नये, झालं तर थांब, अशा कर्नलमधल्या तपासणीला) जाऊन धडकला आणि पॅनिक. २.६.२९ पासूनचे कर्नल त्यात सापडले होते, पॅच लावेपर्यंत लोकांनी टीसीपी_सॅक शून्य करून वेळ मारून नेली.

पण अशा केसमध्ये ट्रेस दर वेळी एकाच जागी येतो, बग_ऑनची ओळ नंबरासकट. इथे तीन रात्री तीन जागा आहेत, शिवाय फक्त बॅकअपच्याच वेळी. हल्लेखोर इतका वक्तशीर नसतो.

नवशिक्या_नोड

बाप रे, एका भागाकारावर अख्खं मशीन. धन्यवाद!

बूटलूप

खोडदादा, पॉयझन लावलं आणि पहिल्याच रात्री चाळीस मिनिटांत पडलं. या वेळी:

"जनरल प्रोटेक्शन फॉल्ट, प्रॉबेबली फॉर नॉन-कॅनोनिकल ॲड्रेस ०एक्स६बी६बी६बी६बी६बी६बी६बी६बी"

आरआयपी परत ड्रायव्हरच्या क्लीन_आरएक्समध्ये. दुसऱ्या रात्रीही हुबेहूब तेच, ऑफसेटसकट तेच. अंगावर काटा आला राव, इतके दिवस भूत वाटत होतं ते.

आणि हो, मॉड्यूलचं सांगायचं राहिलं होतं. हे मशीन उभं केलं तेव्हा त्या वेळच्या कर्नलमध्ये कार्डाचा सपोर्ट नव्हता म्हणून कार्डवाल्यांच्या साइटवरून ड्रायव्हर उतरवून डीकेएमएसने बसवला होता. कर्नल अपडेट झाला की तो आपोआप परत कंपाइल होतो, त्यामुळे विसरूनच गेलो होतो की तो बाहेरचा आहे. म्हणजे ड्रायव्हरच खराब, बरोबर? पण मग दिवसा आयपर्फ (नेटवर्कचा वेग मोजायचं टूल) लावून तासन्‌तास पूर्ण स्पीड दिला तेव्हा का नाही पडला? हेच कळत नाहीये.

टर्मिनलवाली

आयपर्फचा प्रश्न योग्य आहे, तो सोडू नका. नुसतं ट्रॅफिक पुरेसं असतं तर आयपर्फनेही पडलंच असतं. बॅकअपच्या वेळी आणखी काहीतरी घडतंय. नेटकन्सोलच्या फाइलमध्ये फॉल्टच्या ओळीच्या आधी काय आहे? लोक फॉल्टपासून पुढेच पेस्ट करतात, खरी गंमत बऱ्याचदा वरच्या दोन ओळींत असते.

बूटलूप

अरेच्चा.

[८१२४.५५०१८७] लिंक इज डाउन
[८१२४.५५०६१२] जनरल प्रोटेक्शन फॉल्ट...

मला वाटलं मशीन मरताना लिंक गेली असेल, म्हणून ती ओळ सोडून दिली होती.

टर्मिनलवाली

लिंक आधी गेलीये ताईदादा लोकहो, अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत नंतर फॉल्ट आहे. आता केडम्पची फाइल उघडा, क्रॅश टूलमध्ये, डीबगइन्फोवाला व्हीएमलिनक्स (कर्नलचीच फाइल) लागेल. बीटी -ए द्या म्हणजे त्या क्षणी प्रत्येक सीपीयूवर काय चाललं होतं ते दिसेल. फॉल्ट झालेला सीपीयू सोडून बाकीचे बघा.

बूटलूप

सीपीयू ५ वर क्लीन_आरएक्स, म्हणजे फॉल्टवाला. बाकी सगळे रिकामे बसलेत, फक्त सीपीयू २ वर "आयपी" नावाची प्रोसेस आहे, तिच्या स्टॅकमध्ये डेव्ह_क्लोज आणि त्याच्या वर ड्रायव्हरचं स्टॉप फंक्शन. पीएस -पी देऊन तिचा बाप शोधला तर शेल स्क्रिप्ट, आणि तिचा बाप क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा).

आता लाज वाटतेय लिहायला. दीड वर्षापूर्वी एकदा लिंक अडकली होती तेव्हा मीच एक स्क्रिप्ट टाकली होती: दर मिनिटाला गेटवेला तीन पिंग, तिन्हींना उत्तर आलं नाही तर आयपी लिंक सेट डाउन, दोन सेकंद थांब, परत अप. बॅकअपमध्ये लाइन तुडुंब भरली की पिंगला उत्तर वेळेत येत नाही, स्क्रिप्टला वाटतं लिंक मेली, आणि ती धावत्या कार्डाच्या पायात पाय घालते. आयपर्फ मी ब्रिजवरच्या दुसऱ्या मशीनवरून लावला होता, एकच स्ट्रीम, त्यात पिंग आरामात जात होते.

जुनं_खोड

लाज कसली, असल्या स्क्रिप्ट प्रत्येकाच्या क्रॉनमध्ये पुरलेल्या असतात. टर्मिनलवाली ताई, मानलं, मी ती वरची ओळ मागायला हवी होती.

आता चित्र पूर्ण झालं. इंटरफेस डाउन करताना ड्रायव्हरने आधी नॅपी_डिसेबल बोलवायचं असतं, ते चालू असलेला पोल संपेपर्यंत थांबून राहतं, आणि मगच रिंगमधले (कार्ड पॅकेटं टाकतं त्या रांगेतले) बफर मोकळे करायचे. तुमच्या त्या बाहेरच्या ड्रायव्हरमध्ये हा क्रम उलटा असणार किंवा पायरीच गाळलेली असणार. सोर्स तुमच्याकडे डीकेएमएसच्या फोल्डरमध्ये आहेच, स्टॉप फंक्शन उघडून बघा. ट्रॅफिक नसताना पोलच चालू नसतो म्हणून त्याच स्क्रिप्टने दिवसा लिंक पाडली असती तरी काही झालं नसतं. ऑफलोड बंद केल्यावर तीन तास टिकलं तेही फक्त टायमिंग थोडं हललं म्हणून.

स्क्रिप्ट काढली की पॅनिक थांबेल, पण तेवढ्यावर थांबू नका. उद्या दुसऱ्या कशाने तरी इंटरफेस खाली जाईल, रिंग साइझ बदलली किंवा एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) बदललं तरी बरेच ड्रायव्हर आतून तोच रस्ता धरतात. आताच्या कर्नलमध्ये तुमच्या कार्डाचा स्वतःचा ड्रायव्हर आला असेल तर बाहेरचा उखडून टाका. आणि खात्री करून घ्या: अनेक स्ट्रीमचा आयपर्फ चालू ठेवून बाजूला लिंक डाउन-अपचा लूप लावा, आधी जुन्या ड्रायव्हरवर, मग नव्यावर. जुन्यावर पडलंच नाही तर आपलं निदान चुकलं.

खटपट्या

रॅम नव्हती, मान्य. पण मेमटेस्ट लावायला सांगितला नसता तर तो संशय राहिलाच असता, एवढं तरी श्रेय द्या :)

बूटलूप

दिलं, दिलं!

अपडेट देतो. सोर्स बघितला, स्टॉप फंक्शनमध्ये बफर मोकळे करण्याची ओळ वर आणि नॅपी_डिसेबल तिच्या खाली चार ओळींनी, अगदी डोळ्यांसमोर. जुन्या ड्रायव्हरवर लूप लावला, आठ स्ट्रीम, सहा मिनिटांत तोच ६बीवाला फॉल्ट. मग डीकेएमएसमधून काढला, कर्नलमधला लोड केला, तोच लूप रात्रभर चालू ठेवला, सकाळी मशीन जिवंत. दोन रात्री बॅकअपही सुरळीत झाले, स्लब_डीबग आता काढलंय, केडम्प आणि नेटकन्सोल राहू देतोय. स्क्रिप्ट उडवली.

एक गोष्ट पुढच्या कुणाला उपयोगी पडेल म्हणून, नवा ड्रायव्हर लोड करून रीबूट केलं तर नेटवर्कच नाही, ब्रिज रिकामा, पाच मिनिटं पोटात गोळा. कारण इंटरफेसचं नावच बदललं होतं, कर्नलमधला ड्रायव्हर पोर्टचं नाव सांगतो म्हणून शेवटी एनपी० चिकटलं, आणि ब्रिजच्या कॉन्फिगमध्ये जुनंच नाव. मशीनसमोर बसून करत होतो म्हणून निभावलं, लांबून एसएसएचवरून करणार असाल तर आधी कॉन्फिगमध्ये नावाऐवजी मॅक ॲड्रेस टाका.

टर्मिनलवाली

हे एनपी०चं मलाही एकदा भोवलंय, तेही एसएसएचवरून. त्या ड्रायव्हरवाल्यांना ट्रेस आणि त्या दोन ओळींचा क्रम कळवाल का? डीकेएमएसवाले बाकीचे लोक अजून रॅम बदलत बसले असतील.

बूटलूप

कालच पाठवला, पॅचसकट. अजून उत्तर नाही.